होडीवरचा स्टो आणि उगवतीचं दूध

होडीवर स्वयंपाक कशावर करावा, या विषयावर लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणाला सांगावं लागू नये. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लेखन म्हणाल तर माझे वडील मनिऑर्डरीच्या कागदावर अंगठा उठवतात, तेवढंच आमच्या घराण्याचं लेखन. पण वार्षिक अंकाचं काम बघणारे सर म्हणाले, "तुमच्याकडे एवढं धरण आहे, घरची होडी आहे, लिहा काहीतरी." मी निसर्गाबद्दल लिहीन असं सरांना वाटलं असावं. निसर्ग त्या दिवशी हजर होता, पण त्याच्याकडे बघायला आमच्यापैकी कुणाला सवड झाली नाही. तेव्हा सरांनी आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव राहुरीच्या वरच्या अंगाला, मुळा नदीच्या काठावर. वडील (त्यांना आम्ही दादा म्हणतो) होडीतून माणसं या काठावरून त्या काठाला नेत. आजोबाही तेच करत. मग खाली धरण झालं आणि पाणी वर चढलं. पलीकडचा काठ इतका लांब गेला, की तिकडे जायचं तर माणसं एस.टी.नं जायला लागली. होडी राहिली, पण गिऱ्हाईक बसमध्ये बसलं.

आईचं म्हणणं सरळ होतं. होडी विकायची आणि देवळाली प्रवऱ्याला मामाकडे जायचं. रंगनाथमामा तिचा धाकटा भाऊ, साखर कारखान्यात कामाला. त्यानं दादांसाठी वॉचमनची एक जागा हेरून ठेवली होती.

"दाजी, खाकी ड्रेस मिळतोय," मामा दर खेपेला सांगायचा. "वर हातात काठी."

"माज्या हातात वल्हं हाय," दादा म्हणायचे.

"आवं पन वल्ह्याला पगार हाय का?"

यावर दादा होडीकडे जाऊन बसायचे. होडीत काही काम नसायचं. ते नुसतेच तिच्या काठावर हात ठेवून बसायचे. मग आईही त्यांना जेवायला जरा उशिरानंच हाक मारायची.

अशात बातमी आली, की धरणाच्या पाण्याची खोली मोजायला एक साहेब येणार आहेत आणि त्यांना दोन-तीन महिने होडी लागणार आहे. दादा त्यांना भेटून आले. साहेब म्हणाले होते, "मी दिवसभर पाण्यावर असतो. जेवणाची सोय होडीवरच हवी. एक दिवस येऊन बघतो, मग ठरवू."

आईनं मामाच्या देखत दादांकडून कबूल करून घेतलं. साहेबांनी होडी ठरवली तर होडी राहील. नाही ठरवली तर ती विकायची आणि पाडव्याच्या आत खाकी ड्रेस. दादांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा संक्रांतीच्या सुट्टीसाठी घरी आलो होतो.

"नामा," दादा म्हणाले, "तू सायन्सला हायेस. होडीवर सैपाक कशावर करायचा, सांग."

मी विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. तोपर्यंत आम्हाला बेडूक झाला होता आणि प्रकाशाचं परावर्तन अर्धं झालं होतं. पण दादा ज्या विश्वासानं बघत होते, त्यापुढे हे सांगणं मला बरं वाटलं नाही. मी म्हणालो, "प्रयोग करून बघू."

पहिला प्रयोग दादांचाच होता. त्यांनी होडीच्या मागच्या टोकाला चिखलाची चूल घातली आणि बाभळीची लाकडं पेटवली. चूल चांगली पेटली. फक्त वारा मागून होता आणि दादा पुढे तोंड करून उभे होते, त्यामुळे सगळा धूर त्यांना घेरून पुढे गेला. डोळे मिटून ते बराच वेळ जोरात वल्हवत राहिले. डोळे उघडले तेव्हा होडी निघाली तिथेच, आमच्या काठाला येऊन लागली होती. शिवाय होडीला आतून बाहेरून डांबर फासलेलं. चुलीजवळचं डांबर मऊ होऊन दादांची एक वहाण तिथेच चिकटली. ती अजून तिथेच आहे.

"लाकडाचा जाळ लई आडदांड," आई म्हणाली. "गवऱ्या लावा. गवरी कशी शांत जळती."

आईनं पाटीभर गवऱ्या दिल्या. त्या खरंच शांत जळाल्या असत्या. पण होडीच्या तळाशी थोडंसं पाणी झिरपत असतं, आणि ते कुठल्याही होडीत झिरपतंच. गवऱ्या तळाशी ठेवल्या होत्या. दुपारी बघितलं तर त्या पुन्हा मूळ पदार्थ झाल्या होत्या. एवढा कायापालट मी पुस्तकातही वाचला नव्हता.

मग मामा आला. येताना कारखान्यातून पोतंभर बगॅस घेऊन आला. (बगॅस म्हणजे उसाचा रस काढून उरलेला भुस्सा. मामाच्या मते जगातल्या बहुतेक अडचणी बगॅसनं सुटतात.)

"आख्खा कारखाना यावर चालतोय," मामा म्हणाला. "तुमचं कालवन शिजनार न्हाई व्हय?"

"कारखान्याला भिंती असतात, मामा," मी भीत भीत म्हणालो.

"भाचेराव, तुमी नुसतं बघा."

आम्ही बघितलं. मामानं पोत्याचं तोंड सोडलं आणि तेवढ्यात वारा आला. बगॅस पोत्यातून निघाला, तो दादांच्या डोक्यावर, मिशांवर, मासे धरायच्या जाळ्यावर आणि काठाला धुणं वाळत घालणाऱ्या आईच्या लुगड्यांवर जाऊन बसला. चुलीत म्हणाल तर चिमूटभर गेला, आणि तोही ओला. दादा तसेच उभे होते, नुकतीच मळणी झालेल्या माणसासारखे. ते मामाला म्हणाले, "पाव्हनं, कारखाना इतं आनू नगा. मी तितं येत न्हाई, तुमी बी त्येला हिकडं आनू नगा."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी मनाशी विचार केला. लाकूड नको, गवरी नको, उडणारं काही नको. इंधन असं हवं की जे ओलं होत नाही, कारण ते मुळातच ओलं आहे. मी म्हणालो, "रॉकेल."

"म्हंजी घासलेट?" आई म्हणाली. "भाकरीला वास मारंल."

"पंपाच्या स्टोला वास येत नाही. निळी ज्योत असते. पूर्ण ज्वलन होतं."

"पूर्न ज्वलन" हे शब्द दादांना फार आवडले. ते त्यांनी दिवसभरात गावात चार-पाच जणांना ऐकवले.

नगरला कॉलेजच्या बोर्डिंगात माझ्या खोलीतल्या मित्राकडे पितळी स्टो होता. चोरून चहा करायला आम्ही तो वापरत असू. मी नगरला जाऊन तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून एस.टी.नं घेऊन आलो. (कंडक्टरनं नाक वर करून दोनदा विचारलं, "कशाचा वास येतोय?" मी मोठ्या कष्टानं खिडकीबाहेर बघत राहिलो.) वाऱ्यासाठी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून स्टोला तिन्ही बाजूंनी आडोसा केला. हे सगळं बसवायला होडीच्या मधोमध जागा हवी होती, आणि तिथे नांगराचा दगड होता. दोरी बांधलेला मोठा धोंडा, होडी एका जागी थांबवायला असतो तो. मी दादांना म्हणालो, "हे वजन काढून टाकू. होडी हलकी होईल." दादांनी तो काठावर ठेवला. सायन्सचं म्हणणं होतं ना.

साहेबांचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी अमावस्या होती म्हणून आईनं स्टोला काडी लावू दिली नव्हती. त्यामुळे त्याची पहिली पेटवणी साहेबांसमोरच होणार होती. साहेब आले. उंच, सडपातळ, पायात बूट, बरोबर मापाची दोरी आणि एक लाकडी पेटी. फारसं बोलत नव्हते. होडी निघाली. दादा वल्ह्यावर, साहेब पुढे, मामा होडीच्या एका काठाला, आई आणि मी स्टोजवळ. काठापासून बरंच आत गेल्यावर आईनं फडक्याखालून दुधाचं पातेलं काढलं.

"हे काय?" मी विचारलं. "भाताचं पातेलं ठेव ना."

"नवी चूल हाय. पयलं दूद उतू गेल्याबिगर मी ह्येच्यावर कायबी शिजवनार न्हाई."

"आई, हे घरी करायचं होतं."

"घरच्या चुलीला घरी. होडीच्या चुलीला होडीत. घराची वास्तुशांत कुनी रस्त्यात करतं का?"

मी स्टो पेटवला, पंप मारला, निळी ज्योत आली. दादा साहेबांना म्हणाले, "पूर्न ज्वलन." साहेबांनी मान डोलावली. तोपर्यंत सगळं फार चांगलं चाललं होतं.

"आता ध्यान ठिवा," आई म्हणाली. "दूद उगवतीला सांडाया पायजे. दक्षिनंला गेलं तर घर बसतं."

"होडी बसली म्हंजी बुडाली," मामानं सांगितलं. साहेबांनी प्रथमच मागे वळून बघितलं.

आई घाबरलेली दिसली. मला वाटलं, इथे आपला उपयोग होईल. मी म्हणालो, "आई, द्रव पदार्थ उताराकडे वाहतो. होडी ज्या बाजूला कलेल, त्या बाजूला दूध जाईल. आपण सगळे उगवतीच्या बाजूला बसलो की दूध दुसरीकडे जाणारच नाही."

"बगा," दादा म्हणाले, "शिकल्याचं हे आसतंय."

मामा आणि मी उगवतीच्या काठाला जाऊन बसलो. होडी किंचित कलली. साहेबांनी एकदा सूर्याकडे आणि एकदा आमच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांचा स्वभावच नेमकेपणाचा असावा, त्यांना राहवलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "या दिवसांत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही. थोडा दक्षिणेकडे सरकलेला असतो."

आईचा हात पातेल्यावर तसाच राहिला. "दक्षिनंला? मंग आता वो?"

साहेबांनी पेटी उघडली, होकायंत्र काढलं आणि तळहातावर धरलं. "खरी पूर्व अशी," ते म्हणाले आणि बोट दाखवलं. आम्ही दोघं वीतभर सरकलो. साहेब स्वतःही सरकले. काम नीट व्हावं असं त्यांना वाटत असावं.

दूध काही केल्या वर येईना. बघत राहिलं की दूध येत नाही, हे घरी मला माहीत होतं, पण होडीत पाच माणसं एकाच पातेल्याकडे बघत होती. त्या पाचांत दादाही होते. त्यांनी वल्हं केव्हा खाली ठेवलं ते कुणालाच कळलं नाही. होडी वाऱ्यावर हळूहळू फिरायला लागली. तिला धरून ठेवायला जो दगड असतो, तो काठावर उन्हात पडला होता.

"पूर्व आता मागे गेली," साहेब म्हणाले.

"मागं चला," आई म्हणाली.

आम्ही मागे गेलो. दादा तिथेच होते, त्यामुळे मागचं टोक बरंच खाली बसलं आणि पुढचं टोक पाण्याच्या वर आलं. दूध कडेला आलं, थबकलं आणि पुन्हा खाली गेलं.

"आता डावीकडे," साहेब म्हणाले.

आम्ही डावीकडे धावलो. होडीच्या काठाला पाणी टेकलं. मामानं देवाचं नाव घेतलं, पण जागा सोडली नाही. तेवढ्यात वाऱ्यानं पुन्हा होडी फिरवली.

"उजवीकडे. नाही, थांबा. हो, उजवीकडेच."

"साहेब, एकदा काय ते पक्कं सांगा," मामा म्हणाला. "हितं पोटात पानी हलतंय."

"मी पक्कंच सांगतो आहे. होडी पक्की नाही."

दादांना ते लागलं. "साहेब, काय बी म्हना, होडीला नावं ठिवू नगा."

"मी दिशेबद्दल बोलतो आहे."

आम्ही पाचही जण उजवीकडे गेलो, आणि त्याच क्षणी दूध आलं. ते नुसतं उतू गेलं नाही, पातेलंच स्टोवरून घसरलं. निम्मं दूध स्टोवर सांडलं, निम्मं साहेबांच्या बुटांवर. स्टो एकदा फुस्स म्हणाला आणि विझला. जळक्या दुधाचा आणि घासलेटाचा वास सगळीकडे पसरला. त्या वासाबद्दल आई आधीच बोलली होती, म्हणून तिनं आता काही म्हटलं नाही.

शेवटी तिनं हळूच विचारलं, "कुटं गेलं? दक्षिनंला?"

"अक्का, काळजी करू नगं," मामा म्हणाला. "साहेब उगवतीला बसलं हुतं. दूद साहेबांवर गेलं. म्हंजी उगवतीलाच गेलं."

साहेबांनी होकायंत्राकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे."

स्टोच्या भोकात दूध जळून बसलं होतं. ते साफ करायची पिन असते. ती मी बोर्डिंगाच्या खिडकीत ठेवली होती. अजून तिथेच असावी असा माझा अंदाज होता, आणि तो बरोबर निघाला. भात कच्चा, वांगी कच्ची, डाळ भिजलेली. सूर्य डोक्यावर आला. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं. दादांनी ते बघितलं, आणि त्यांचा चेहरा पाहून मी पाण्याकडे बघायला लागलो.

मग मामानं कंबरेचं फडकं सोडलं. आत भाकरी होत्या, कांदा होता, कारळ्याची चटणी होती.

"मामा, तू डबा आणलास?"

"भाचेरावांवर माजा इस्वास हाय," मामा म्हणाला. "माज्या पोटाचा न्हाई."

साहेबांनी भाकरी खाल्ली. मग ठिकठिकाणी दोरी सोडून पाणी मोजलं. उतरताना बूट पुसले आणि दादांना एवढंच म्हणाले, "कळवतो."

दादा होडी बांधून तिथेच बसले. आईनं त्या दिवशी त्यांना लगेच हाक मारली, पण ते लवकर उठले नाहीत. मी जवळ गेलो तर म्हणाले, "खाकी रंग मला बरा दिसंल का रं?" मी म्हणालो, बरा दिसेल. मी काहीच बोललो नसतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टो घेऊन मी नगरला परत आलो. परीक्षा जवळ आली होती. पुस्तक उघडलं की मला खाकी ड्रेसमधले दादा दिसत, कारखान्याच्या फाटकाशी, हातात काठी वल्ह्यासारखी तिरकी धरून. घरून पत्र येणार नव्हतं, कारण लिहिणार कोण? गावाकडची गाडी यायच्या वेळेला मी स्टँडवर जायचो. उतरणाऱ्यांना विचारायचो. कुणी म्हणायचं, होडी काठाला दिसली. कुणी म्हणायचं, न्हाई दिसली. एकानं सांगितलं, तुज्या वडलांनी मिशी कमी केली. त्यावरून मी दोन दिवस काहीबाही तर्क केले.

मग एक दिवस बोर्डिंगाच्या दारात मामा उभा.

"मामा, काय झालं?"

"आधी पानी पाज."

पाणी दिलं. त्यानं खोली बघितली, खाट दाबून बघितली, माझ्या मित्राला त्याच्या गावातल्या उसाचं विचारलं.

"मामा, ती वॉचमनची जागा?"

"ती व्हय? भरली की."

"दादांना ड्रेस बसला का नीट?"

"दाजींना कशाला? बेलापूरचा एक मानूस घेतला. दाजी तर रोज होडीवर हायेत. साहेबांनी त्येंचीच होडी धरली न्हवं का." मामानं खाटेवर मांडी घातली. "तुज्या आईनं तर आता त्या होडीला हळद-कुकू लावलंय."

मी खाली बसलो. "पण कशी धरली? त्या दिवशी तर..."

"आरं, साहेबांनी आजूबाजूच्या समद्या होड्या बघितल्या. एका होडीत साहेब नुसतं दोरी सोडाया उभं ऱ्हायलं, तर भसाभसा पानी आत. तवा त्येंला आपली होडी आठवली. दाजीस्नी म्हनले, तुमच्या होडीत पाच मानसं ह्या काठाची त्या काठाला पळत हुती, तरी ती कलंडली न्हाई. माजं यंत्र मी हिच्यातच ठिवनार. आन् मंग इचारलं, की ही असली चाचनी घ्यायची अक्कल कुनाची?"

"मग दादा काय म्हणाले?"

"म्हनले, माज्या पोराची. त्यो सायन्सला हाय, त्येंच्यात ह्येच शिकिवत्यात."

मी जरा ताठ बसलो. खोलीतला मित्रही माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागला. मी विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"म्हनले, पोरगं हुशार दिसतंय. लई कवतिक केलं. मंग दोन अटी घातल्या. एक म्हंजी, होडीवर कायबी पेटवायचं न्हाई, जेवन ते घरनं डब्यात आननार."

"आणि दुसरी?"

मामानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माजं मोजमाप हुईस्तवर, म्हनले, पोराला कालेजातच ठिवा."